औटकी येते, मग सकाळचं का आठवत नाही?

"मॅडम, आई नाटक करते का हो?" दार लागायच्या आत मुलाने विचारलं. आई बाहेर बाकावर. वय 76, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, अल्झायमरचं निदान होऊन चार महिने झालेले. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घडाघडा म्हणतात. मघाशी काय जेवल्या ते सांगता येत नाही. हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा ऐकू येतो.

मुलगा खटपट्या. घरीच शाळा मांडलेली: सकाळी दहा शब्द पाठ, संध्याकाळी परीक्षा. वहीत गुण 2, 1, 0, 1. फुल्या लाल शाईच्या, आणि त्या काकूंनी स्वतः मारलेल्या! खाली वळणदार अक्षरात 'पुन्हा लिहा'.

मी स्मृतिचाचणीचा अहवाल काढला. 15 शब्द पाच वेळा वाचून दाखवतात, दर वेळी आठवतील तेवढे म्हणायचे. एरवी म्हाताऱ्या माणसांचाही आकडा फेरीगणिक चढतो. काकूंचा 4, 5, 4, 5, 5. तेही बहुतेक शेवटचे, कानात घुमत असलेले. वीस मिनिटांनी एकही नाही.

"हिंट दिली असती तर?"

दिली होती. यादीतले आणि बाहेरचे शब्द मिसळून विचारले, तर नसलेल्या 'नदी'लाही काकू हो म्हणाल्या. गोम इथेच आहे. आपण विसरतो तेव्हा शब्द आत असतो, 'भाजीचं नाव होतं' म्हटलं की निघतो. काकूंचा आत गेलाच नव्हता. नवं नोंदवून घेणारा मेंदूतला भाग, हिप्पोकॅम्पस, या आजारात लवकर झिजतो. लहानपणी घोटलेली औटकी त्याच्यावर फारशी अवलंबून नसते. (बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य यांनीही विसरायला होतं. काकूंचं ते आधीच तपासलं होतं. तुमच्या घरी राहिलं असेल तर आधी ते करा.)

"म्हणजे काहीच शिकवायचं नाही?"

एकच गोष्ट, रोजच्या कामाची. चष्मा कुठे ठेवायचा, एवढीच. अंदाज करायला लावायचं नाही, कारण चुकीचं उत्तरच डोक्यात बसतं. सांगायचं, लगेच म्हणून घ्यायचं, मग एक मिनिटाने, तीन मिनिटांनी, अंतर वाढवत. वही मात्र बंद.

तीन आठवड्यांनी दोघं आले. चष्मा बऱ्याचदा देवघराशेजारच्या डब्यात जातो म्हणे, नेहमी नाही. "काय जेवलीस?"ची जागा "आज मेथी झकास झाली होती" याने घेतलेली.

काकूंनी मला तिसऱ्यांदा नाव विचारलं. मीही हौसेने औटकी म्हणायला गेले, साडेसतरावर अडकले.

"एकवीस," काकू म्हणाल्या. "घरी अभ्यास करत नाही वाटतं?"