सीडी निम्म्यावर अडकते, फोटो कसे काढू?

प्रश्न: लग्नाचे फोटो बऱ्याच वर्षांपूर्वी सीडीवर राईट करून ठेवले होते. आता कॉपी करायला घेतले की सुरुवातीचे पटापट येतात, पुढे ड्राइव्ह घरघर करतो आणि सायक्लिक रिडंडन्सी चेक असा एरर देऊन बंदच पडतो. टूथपेस्टने घासली की चालते म्हणतात, घासू का?

उत्तर: नको हो, टूथपेस्ट दात घासायलाच ठेवा! एररचा अर्थ एवढाच की वाचलेला डेटा त्याच्या तपासणीच्या आकड्याशी जुळत नाहीये. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे तुमची गडबड बाहेरच्या भागात असणार, बोटं पण तिथेच लागतात ना. आधी दुसऱ्या एक-दोन सीडी टाकून बघा, त्याही अडकल्या तर ड्राइव्हची लेन्स खराब, सीडी बिचारी निर्दोष. ड्राइव्ह ठीक असेल तर मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल अजिबात नाही, कारण मधून कडेकडे सरळ चरा गेला तर प्रत्येक फेऱ्यात थोडासाच डेटा जातो आणि ड्राइव्ह तो भरून काढतो पण गोल चरा ट्रॅकवरच, म्हणजे डेटा लिहिलेल्या गोल रेषेवरच, लांबलचक पडतो, मग भरून काढायला काही उरतच नाही.

आता सीडी उजेडासमोर धरा. लेबलच्या बाजूने खरवडलेलं असेल आणि तिथून उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढा डेटा गेला. लोक खालची बाजू जपतात आणि लेबलवर बॉलपेनने लिहितात, पण खाली जवळपास १.२ मिलिमीटर प्लास्टिक आहे आणि डेटा लेबलच्या लगेच खाली!

पुसूनही अडकली तर परत परत कॉपी-पेस्ट करत बसू नका. डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो आधी चांगला भाग उचलून सीडीची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची प्रत असलेली एक फाइल बनवतो आणि अडलेल्या जागी नंतर परत येतो. काय राहिलं त्याची नोंद मॅप फाइलमध्ये असते, तीच फाइल देऊन सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाका, राहिलेलं कधीकधी तिथे निघतं.

प्रश्न: माझी डीव्हीडी माझ्या पीसीवर चालते, मित्राकडे ब्लँक दाखवते.

उत्तर: राईट करताना फायनलाइझ करायचं, म्हणजे डिस्क इतर ड्राइव्हना वाचता येईल अशी पूर्ण करायचं राहिलं असेल. तुमच्याच पीसीवर बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये तो ऑप्शन शोधा.