फ्रेटबोर्डकडे न बघता गिटारवर वेग कसा वाढवायचा?

सारखं फ्रेटबोर्डकडे, म्हणजे गिटारच्या दांडीवर बोटं ठेवतो त्या पट्टीकडे, बघावं लागतं म्हणून वेग येत नाही, असं तुम्ही म्हणताय. माझं ऐकाल तर काही दिवस वेगाचा विचारच सोडा. बोटांना जागा कच्ची असताना घाई केली की चुकाच पाठ होतात, आणि त्या मोडायला फार जड जातं.

सुरुवात सी आणि ए मायनर या दोन कॉर्डनी (एकत्र वाजवायच्या स्वरसमूहांनी) करा. सीवरून ए मायनरला जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलतच नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेच्या (तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजायच्या) तिसऱ्या फ्रेटवरून, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या तिसऱ्या घरातून, उचलायची आणि तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, मधल्या बोटाला अगदी खेटून ठेवायची. न हलणारी ती दोन बोटं हाच तुमचा आधार. डोळे मिटा, मेट्रोनोम (ठराविक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा अ‍ॅप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, दर चार ठोक्यांना कॉर्ड बदला. तार खरखरली तरी बघायचं नाही. बोट किती सरकवायचं ते कानाने ठरवा. सलग दहा वेळा स्वच्छ वाजलं तरच मेट्रोनोमचा वेग चार-पाच ठोक्यांनी वाढवा. बोटं तारांपासून फार वर उचलू नका, निम्मा वेळ त्यातच जातो.

लांब उडी असेल, समजा तिसऱ्या फ्रेटवरून दहाव्यावर, तर एक नजर टाकायला काहीच हरकत नाही. चांगले वादकही टाकतात. पण ती नेकच्या (दांडीच्या) कडेवरच्या ठिपक्यांकडे; ते ३, ५, ७, ९ आणि १२ या फ्रेटांवर असतात. तारा दिसाव्यात म्हणून गिटार मांडीवर तिरकी पाडायची सवय मात्र आजच मोडा, मनगट त्यानेच दुखतं.

रोज १५ मिनिटं पुरेत, पण रोज.