दिवा विझतो, पाणी मात्र कोमट

प्रश्न : बाथरूममध्ये 15 लिटरचा, 2000 वॅटचा गिझर आहे. वीसेक मिनिटांत त्याचा लाल दिवा विझतो, तरी नळाला कोमटच पाणी. मेकॅनिक म्हणाला, कॉइल गेली, नवाच घ्या. सोसायटीत पालिकेच्या पाण्यात बोअरचंही मिसळतात. सासूबाईंना डिसेंबरात गार पाणी सोसत नाही. काय करू?
– एक वाचिका, मुलुंड

उत्तर : ताई, पैसे इतक्यात काढू नका. कॉइल गेली असती तर दिवा विझलाच नसता. पाणी तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो, तेव्हा दिवा जातो. (काही गिझरांना नुसता वीज आल्याचा वेगळा दिवा असतो, तो नव्हे.) 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर न्यायला 2000 वॅटला साधारण 18 मिनिटं लागतात. तुमचा हिशेब जुळतो. पाचच मिनिटांत विझत असता तर मी थर्मोस्टॅटवर बोट ठेवलं असतं.

तेव्हा टाकीत पाणी तापतंय, वाटेत गार पाणी घुसतंय. माझा संशय मिक्सरवर, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळावर. गिझरचं बटण बंद करा, त्याला गार पाणी देणारा कॉक फिरवून बंद करा आणि गरम नळ सोडा. थोड्या वेळात धार थांबायला हवी. वाहतच राहिली तर चोर सापडला : गार पाणी मिक्सरमधून गरम पाइपात शिरतंय. टेलिफोन शॉवरची नुसती हातातली कळ दाबून बंद करता आणि मिक्सरच्या दोन्ही मुठी उघड्याच ठेवता का, तेही बघा. आपल्याकडे सर्रास असं चालतं. मुठी बंद करूनही गळत असेल तर आतलं वॉशर किंवा कार्ट्रिज बदलायला प्लंबरला बोलवा. गिझरवाल्याचं ते काम नाही, म्हणूनच त्याला ते दिसलं नसावं.

धार थांबली, तर टाकीतली वरचं गरम पाणी उचलणारी नळी सडून तुटली असेल. मग गिझर खोलावा लागेल. तो खोललाच तर कॉइलवरचा क्षार काढून घ्या आणि टाकीला गंजापासून वाचवणारी मॅग्नेशियमची कांडी झिजली असल्यास बदला. पालिकेचं, भातसा-वैतरणेचं पाणी तसं मऊ. थर बसवतं ते बोअरचं. खोलताना एमसीबी पाडलेला हवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आणि गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब गळाले तर गळू द्या, टाकीतला वाढलेला दाब त्यातूनच बाहेर पडतो. तिथे एमसील लावणारे महाभाग मी पाहिलेत.