फुलांची जुनी पोस्टकार्डं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गुलाबाचं चित्र असलेलं इंग्लंडचं कार्ड मिळालं, पण शिक्क्यातलं साल पुसलंय. काळ कसा ठरवायचा?

मागची बाजू पाहा. मधली रेघ, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता ही सोय ब्रिटनमध्ये १९०२ ला, जर्मनीत १९०५ ला आणि अमेरिकेत १ मार्च १९०७ ला आली. रेघ नसेल आणि मजकूर फुलांच्या कडेनं कोंबलेला असेल, तर कार्ड बहुधा त्याआधीचं. मग तिकीट. ब्रिटनमध्ये कार्डाचा अर्ध्या पेनीचा दर जून १९१८ मध्ये एक पेनी झाला. तिकिटावर पाचवे जॉर्ज असतील, तर कार्ड १९११ च्या आधी टपालात पडलेलं नाही. म्हणून तिकीट भिजवून काढू नका. चार आण्याच्या तिकिटापायी पुरावाच जातो.

प्रश्न : जर्मन चित्रकार कॅथरिना क्लाइनच्या फुलांची कार्डं विकायला येतात. नक्कल कशी ओळखावी?

दहापट भिंगातून पाकळी पाहा. जुन्या दगडी छपाईत (लिथोग्राफीत) ठिपके वेडेवाकडे विखुरलेले दिसतात. आजच्या ऑफसेटमध्ये चार रंगांचे ठिपके ठरावीक नक्षीत बसतात. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर तो साधारण १९५० नंतरचा समजा. निव्वळ पिवळेपणावर जाऊ नका, तो चहाच्या पाण्यानंही येतो.

प्रश्न : मजकूर फिकट तपकिरी झालाय, वाचता येत नाही.

सहाशे डीपीआयवर रंगीत स्कॅन करा आणि फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल-हिरवा वगळून फक्त निळा चॅनेल ठेवा. तपकिरी शाई गडद दिसते. पेन्सिलीचं लिखाण असेल, तर खोलीत अंधार करून टॉर्च कागदालगत आडवा धरा, दाबाच्या खुणा उठतात. कार्ड उलटंही धरून पाहा, पोस्टमननं वाचू नये म्हणून काही जण उलटं लिहीत. जर्मन कार्डावर कुरेंट ही जुनी जर्मन हस्तलिपी असेल, तर त्यातला ‘ई’ आपल्याला ‘एन’ वाटतो. तिथंच बहुतेकांची गाडी अडते. उतरवून घेताना शुद्धलेखन सुधारू नका.

प्रश्न : चिपळूणच्या पावसात कार्डांवर डाग पडतात. काय करावं?

पीव्हीसीचे अल्बम आधी काढून टाका, ते चिकटतात आणि त्यातून आम्ल सुटतं. पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं, आम्लरहित खोका, सिलिका जेल, आणि कार्डं उभी, सैलसर. ताजी बुरशी असेल तर कार्ड वेगळं ठेवून कोरडं होऊ द्या, मग घराबाहेर मास्क लावून मऊ ब्रशनं झटका. तपकिरी ठिपक्यांना हात लावू नका. ब्लीचनं डागाबरोबर शाईही उडते.