पहिली स्क्रिप्ट चालवण्यापूर्वी

कापूस वेचणीच्या मजुरीचा किलोवार हिशेब दाखवणारी स्क्रिप्ट तुम्ही घरच्याच लिनक्स संगणकावर अपाचे सर्व्हर (ब्राउझरला पाने पुरवणारा प्रोग्राम) बसवून चालवू पाहता, हे उत्तमच. आपल्याकडे दुपारची वीज गेली की गावाचे इंटरनेटही जाते, शिकणे मात्र त्यावाचून अडू नये.

फाइल नुसती पाठवायची की चालवायची, हे सर्व्हरला आपणच सांगावे लागते. निकालाऐवजी स्क्रिप्टचा मजकूरच ब्राउझरमध्ये उमटला, तर सर्व्हर तिला साधी फाइल समजत आहे. त्यासाठी सीजीआय मॉड्यूल (सर्व्हरला स्क्रिप्ट चालवू देणारा भाग) सुरू करून स्क्रिप्टअलियास या सेटिंगने स्क्रिप्टसाठी एकच स्वतंत्र फोल्डर नेमावा, असे माझे मत आहे. सगळीकडे मुभा देणे म्हणजे वावराचे फाटक उघडे टाकून गुरांवर भरवसा ठेवणे होय.

फाइलला ७५५ परवानगी (मालकाला सर्व मुभा, इतरांना फक्त वाचण्याची व चालवण्याची) द्यावी. स्क्रिप्टने आधी मजकुराचा प्रकार सांगणारी ओळ, मग एक कोरी ओळ आणि त्यानंतरच हिशेब छापावा. ती कोरी ओळ राहिली की ५०० क्रमांकाची चूक (सर्व्हरमधला अंतर्गत बिघाड) येते.

विंडोजवर लिहिलेली एक स्क्रिप्ट मी लिनक्सवर आणली, तेव्हा माझ्या दोन संध्याकाळी वाया गेल्या. इंटरप्रिटरचा (स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा) मार्ग सांगणाऱ्या पहिल्या ओळीच्या शेवटी विंडोजचे न दिसणारे चिन्ह राहिले होते, आणि डोळ्यांसमोर असलेली फाइल ‘सापडत नाही’ असे एरर लॉग (सर्व्हरच्या चुकांची नोंद ठेवणारी फाइल) सांगत होता. म्हणून तो लॉग दुसऱ्या खिडकीत सतत उघडा ठेवावा, आणि सेटिंग बदलल्यावर कॉन्फिगटेस्ट (सेटिंगमधली चूक तपासणारी आज्ञा) करूनच सर्व्हर पुन्हा सुरू करावा.