भिंत बर्लिनमध्ये उभी राहिली, व्हिएन्नात का नाही?

शीतयुद्धाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचा रोख बर्लिनच्या भिंतीकडे आहे, म्हणून या वेळी सदराची सर्व जागा त्याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील वैरामुळे बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली, असे पाठ्यपुस्तकात वाचले होते. परंतु वैर दोन महासत्तांचे असताना भिंत एका शहराच्या मधोमध का यावी? शिवाय युद्ध १९४५ मध्ये संपले आणि भिंत १९६१ मध्ये आली. मधली सोळा वर्षे काय चालले होते?

उत्तर : आपण सोळा वर्षांच्या अंतराकडे बोट दाखवले, हे बरे झाले, कारण पाठ्यपुस्तकातील वाक्य अपुरे पडते ते नेमके तेथेच. केवळ वैराने भिंत उभी राहत असती, तर ती व्हिएन्नातही उभी राहायला हवी होती. बर्लिनप्रमाणेच व्हिएन्नाही सोव्हिएत ताब्यातील प्रदेशाच्या आत होते. तेथेही अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी शहराचे वाटे केले होते, आणि मध्यवर्ती भागाचा कारभार तर चौघे मिळून, दर महिन्याला अध्यक्ष बदलून, पाहत असत. तरीही १९५५ मध्ये चारही सैन्ये निघून गेली आणि शहर अखंड राहिले. तेव्हा वैराच्या जोडीला बर्लिनमध्ये आणखी काय होते, हे पाहणे भाग आहे.

प्रथम वाटणीची गोष्ट. जर्मनीचे विभाग कसे पाडायचे हे सप्टेंबर १९४४ मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच, लंडनमध्ये ठरले. बर्लिन सोव्हिएत विभागात, पश्चिमेकडील विभागांपासून सुमारे १६० किलोमीटर आत येत होते. पण राजधानी एकट्या कोणाला द्यायची नाही म्हणून तिची निराळी वाटणी झाली. त्यासाठी नवी रेषा कोणी आखली नाही. १९२० मध्ये बृहद् बर्लिन स्थापन करताना शहराचे जे वीस प्रभाग केले होते, त्यांपैकी आठ सोव्हिएत संघाकडे गेले आणि उरलेले बारा पुढे अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांच्याकडे अनुक्रमे सहा, चार व दोन असे आले. पुढे जी सीमा जगाच्या नकाशावर ठळक झाली, ती मुळात नगरपालिकेच्या सोयीसाठी आखलेली प्रभागांची हद्द होती, आणि ती कोणत्या रस्त्यावरून, कोणाच्या उंबरठ्यावरून जाते याचा विचार करण्याचे तेव्हा कोणालाच कारण नव्हते.

दुसरी गोष्ट कारभाराच्या नियमांची. जर्मनीसाठी नेमलेल्या चार सत्तांच्या नियंत्रण मंडळात प्रत्येक निर्णय एकमताने व्हावा लागे, त्यामुळे एकाने नकार दिला की काम तेथेच थांबत असे. ऑस्ट्रियात जून १९४६ च्या करारानंतर नेमके उलट झाले. तेथील संसदेचा साधा कायदा चौघांनी मिळून हरकत घेतली तरच अडे. एकट्याच्या नकाराला किंमत नव्हती. ऑस्ट्रियात चौघांनी मान्य केलेले एक सरकार होते आणि एकच चलन होते. जर्मनीत असे सरकार नव्हते, आणि १९४८ नंतर चलनही एक राहिले नाही. माझ्या मते व्हिएन्ना वाचले ते या रुक्ष कलमामुळे, आणि महासत्तांच्या भाषणांपेक्षा अशा कलमांकडे इतिहासाच्या पुस्तकांनी अधिक लक्ष दिले पाहिजे.

जर्मनीत एकमत होईना तेव्हा पाश्चात्त्यांनी आपल्या विभागांपुरते पाऊल उचलले आणि जून १९४८ मध्ये नवे मार्क हे चलन आणले. ते पश्चिम बर्लिनमध्येही लागू होताच सोव्हिएत संघाने शहराकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. शहराच्या पश्चिम भागात तेव्हा वीस लाखांहून अधिक लोक राहत होते. अकरा महिने त्यांचे धान्य, औषधे आणि कोळसा विमानांनी आणला गेला, आणि वाहून आणलेल्या मालात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा होता. मे १९४९ मध्ये कोंडी उठली. बळाने पाश्चात्त्यांना हुसकावता येत नाही हे सोव्हिएत संघाला कळले, आणि पाश्चात्त्यांनाही पूर्वेकडील आठ प्रभागांत काही चालवता येत नव्हते. त्याच वर्षी दोन जर्मन राष्ट्रे जन्माला आली. त्याआधीच शहराचे दोन महापौर झाले होते.

एवढे होऊनही शहरात ये-जा चालू होती, आणि खरे प्रकरण सुरू होते ते येथून. मे १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने पश्चिम जर्मनीशी असलेली आपली लांबलचक सीमा काटेरी तारांनी बंद केली. बर्लिन मात्र चार सत्तांच्या संयुक्त अधिकारात असल्याने तेथील हद्द उघडी राहिली. त्यामुळे ड्रेस्डेन किंवा लाइपझिग येथील ज्या माणसाला देश सोडायचा असे, तो रेल्वेने पूर्व बर्लिनला येई, तेथून शहरातील लोकल पकडे आणि काही स्थानके ओलांडली की पश्चिमेत उतरे. फार सामान बरोबर असेल तर पोलिसांना संशय येई, म्हणून अनेक कुटुंबे हातातल्या पिशवीनिशी निघत. पश्चिम बर्लिनमधील निर्वासित केंद्रात नोंदणी झाली की तेथून विमानाने पश्चिम जर्मनीत पाठवणी होत असे.

१९४९ पासून १९६१ पर्यंत सुमारे २७ लाख लोकांनी पूर्व जर्मनी सोडली. देशाची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. जाणाऱ्यांत जवळपास निम्मे पंचविशीच्या आतले होते, आणि डॉक्टर, अभियंते, शिक्षक व कुशल कामगार यांचा भरणा मोठा होता. राज्याच्या खर्चाने शिकलेला डॉक्टर पदवी मिळताच लोकलने निघून जातो, ही स्थिती कोणतेही सरकार फार काळ सोसू शकत नाही. त्यात हजारो पूर्व बर्लिनकर राहायला पूर्वेत आणि कामाला पश्चिमेत होते. त्यांना पगाराचा काही भाग पश्चिमी मार्कांत मिळे, आणि हद्दीजवळच्या चलन बदलून देणाऱ्या दुकानांत त्या एका मार्कासाठी पूर्वेचे चार किंवा त्याहून अधिक मार्क येत. घरभाडे आणि पाव पूर्वेच्या सवलतीच्या दरात, कमाई पश्चिमेच्या चलनात! शेजारच्या कारखान्यात राबणाऱ्याला याचा राग येणे स्वाभाविक होते, आणि सरकारने त्या रागाचा प्रचारात पुरेपूर वापर केला.

मग १९५२ मध्येच शहरातली हद्दही का बंद केली नाही? तसे करणे म्हणजे बर्लिनवरचा चार सत्तांचा अधिकार आपणच मोडणे होते, आणि मॉस्कोला तो तोवर सोडायचा नव्हता. एक अडचण अगदी व्यावहारिकही होती. पूर्व जर्मनीच्या कित्येक गाड्या पश्चिम बर्लिनमधून जात. शहर तोडायचे तर आधी त्याला वळसा घालणारा लोहमार्ग हवा होता, आणि तो १९५० च्या दशकात टप्प्याटप्प्याने बांधला गेला. शिवाय सोव्हिएत संघाचे नेते ख्रुश्चेव्ह यांची इच्छा हद्द बंद करण्याची नव्हती, पाश्चात्त्यांनीच शहर सोडावे अशी होती. नोव्हेंबर १९५८ मध्ये त्यांनी सहा महिन्यांची मुदत दिली, ती टळली. जून १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याशी झालेल्या भेटीत त्यांनी तीच मागणी पुन्हा मांडली. (ही भेट झाली व्हिएन्नात.) मागणी मान्य होण्याची चिन्हे नव्हती, पण आता हद्द बंद होणार ही भीती लोकांत पसरली. त्याच महिन्यात पूर्व जर्मनीचे नेते वाल्टर उल्ब्रिख्ट पत्रकार परिषदेत म्हणाले, की भिंत बांधण्याचा कोणाचाही इरादा नाही. खरे तर भिंतीबद्दल त्यांना कोणी विचारलेच नव्हते. जुलै महिन्यात सुमारे ३०,००० लोक निघून गेले. देश रिकामा होण्याची धास्ती उल्ब्रिख्ट मॉस्कोच्या कानावर वारंवार घालत होते, आणि अखेर ऑगस्टच्या सुरुवातीला तेथे होकार मिळाला.

म्हणजे भिंत ही सोव्हिएत संघाची पहिली पसंती नव्हती. पाश्चात्त्यांना शहरातून काढता येईना, त्यासाठी युद्ध परवडेना आणि माणसांची गळती थांबेना, तेव्हा उरलेला तो मार्ग होता. वैर तापलेले असताना १९४८ मध्ये शहराची कोंडी झाली, भिंत झाली नाही. भिंत आली ती दोघांनाही एकमेकांना हटवता येत नाही हे मनोमन पटल्यावर.

१३ ऑगस्ट १९६१ या रविवारी मध्यरात्रीनंतर काम सुरू झाले. पूर्व जर्मन नेते एरिक होनेकर यांनी त्याची आखणी केली होती. सशस्त्र पोलीस आणि कारखान्यांतील कामगार दलांनी रस्ते उखडून काटेरी तारा ओढल्या, लोकलचे मार्ग तोडले. सिमेंटचे ठोकळे काही दिवसांनी आले. प्रभागांच्या जुन्या हद्दीने काय केले हे बेर्नाउअर रस्त्यावर दिसले. तेथे एका बाजूच्या इमारती पूर्वेच्या मिटे प्रभागात होत्या आणि त्यांच्या दारापुढचा पदपथ पश्चिमेच्या वेडिंग प्रभागात, म्हणजे फ्रेंच विभागात होता. दार उघडून पाऊल बाहेर टाकले की माणूस पश्चिमेत. प्रथम ती दारे विटांनी बुजवली, मग तळमजल्याच्या खिडक्या. तेव्हा लोक वरच्या मजल्यांवरून उड्या टाकू लागले आणि खाली पश्चिम बर्लिनचे अग्निशमन दल चादरी ताणून उभे राहू लागले. भिंतीपायी पहिला मृत्यू याच रस्त्यावर, २२ ऑगस्टला झाला. पुढे रहिवाशांना हलवून त्या इमारती पाडण्यात आल्या.

प्रश्न : भिंतीने पूर्व बर्लिनला वेढले होते की पश्चिम बर्लिनला?

उत्तर : पश्चिम बर्लिनला. अनेकांचा येथे गोंधळ होतो, कारण कोंडले गेले ते पूर्वेचे लोक. वेढ्याची एकूण लांबी सुमारे १५५ किलोमीटर होती. त्यांपैकी सुमारे ४३ किलोमीटर दोन बर्लिनच्या मध्ये आणि उरलेली पश्चिम बर्लिन व भोवतालचा पूर्व जर्मन प्रदेश यांच्यामध्ये. पश्चिमेच्या दोन भुयारी रेल्वेमार्गांचा काही भाग पूर्वेखालून जात होता. तेथील बंद स्थानकांवरून गाड्या न थांबता, वेग कमी करून जात, अंधुक उजेडात फलाटावर पहारेकरी दिसत, आणि त्या भुयाराच्या वापराचे पैसे पश्चिमेकडून पूर्वेला चुकते केले जात. २८ वर्षांत भिंतीपाशी किमान १४० जणांचा जीव गेला.

प्रश्न : अमेरिकेचे सैन्य शहरातच होते. पहिल्या रात्री नुसत्या तारा होत्या. त्या तोडून का टाकल्या नाहीत?

उत्तर : कारण त्या तारा पूर्वेच्या हद्दीत होत्या. २५ जुलैच्या भाषणात केनेडींनी तीन गोष्टींसाठी लढण्याची तयारी जाहीर केली होती : पश्चिम बर्लिनमधील आपले सैन्य, तेथे जाण्या-येण्याचा मार्ग आणि तेथील जनतेचे स्वातंत्र्य. भाषणाचा रोख सारा ‘पश्चिम बर्लिन’वर होता, आणि मॉस्कोने ते नीट ऐकले होते. १३ ऑगस्टला या तिन्हींपैकी एकालाही धक्का लागला नाही. पश्चिम बर्लिनचे महापौर विली ब्रांट यांनी केनेडींना पत्र लिहून कडक शब्दांत नाराजी कळवली. त्यानंतर उपाध्यक्ष जॉन्सन आणि सुमारे १,५०० सैनिकांची तुकडी बर्लिनला आली, पण तारांना कोणी हात लावला नाही. युद्धापेक्षा भिंत बरी, अशा अर्थाचे केनेडींचे खासगीतले उद्गार त्यांच्या सहकाऱ्याने नोंदवले आहेत. हे शब्द बर्लिनकरांना क्रूर वाटले असते, पण अण्वस्त्रधारी सेनापतीच्या जागेवरून पाहिले तर त्यांत खोटे काही नव्हते.

उलट रणगाडे आमनेसामने आले ते ऑक्टोबरमध्ये, वरवर पाहता क्षुल्लक कारणावरून. अमेरिकन अधिकारी पूर्वेत जाताना पूर्व जर्मन पोलीस त्यांची कागदपत्रे मागू लागले. कागदपत्रे दाखवणे म्हणजे शहरावर पूर्व जर्मनीचा अधिकार मान्य करणे, म्हणून अमेरिकेने नकार दिला. २७ आणि २८ ऑक्टोबरला फ्रीडरिखस्ट्रासेवरील चेकपॉइंट चार्ली या नाक्यावर दोन्हीकडचे रणगाडे सुमारे सोळा तास एकमेकांवर रोखलेले होते. मग दोन्ही राजधान्यांत संदेशांची देवाणघेवाण होऊन आधी सोव्हिएत आणि मागोमाग अमेरिकन रणगाडा मागे सरला. भिंतीसाठी जे घडले नाही, ते कागदपत्रांसाठी घडले. आपापला लेखी हक्क सोडायला कोणतीच महासत्ता तयार नव्हती.

प्रश्न : या काळात भारताची भूमिका काय होती?

उत्तर : भिंत उभी राहिल्यानंतर तीनच आठवड्यांत, १ ते ६ सप्टेंबर १९६१ दरम्यान, बेलग्रेडमध्ये अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. वसाहतवादावर बोलण्याची अनेकांची इच्छा असताना नेहरूंनी युद्धाच्या धोक्याला अग्रक्रम द्यावा असा आग्रह धरला. परिषदेने केनेडी आणि ख्रुश्चेव्ह या दोन्ही नेत्यांना वाटाघाटींचे आवाहन केले; ते पत्र घेऊन नेहरू आणि घानाचे एन्क्रुमा मॉस्कोला गेले, तर इंडोनेशियाचे सुकार्णो आणि मालीचे केइटा वॉशिंग्टनला. त्याने भिंतीची एक वीटही हलली नाही. पूर्व जर्मनीला मान्यता देणाऱ्या देशाशी संबंध तोडण्याचे पश्चिम जर्मनीचे धोरण असल्याने भारताने पूर्व जर्मनीशी व्यापार ठेवला, पण राजनैतिक मान्यता दिली नाही. १९७१ मध्ये चार सत्तांचा बर्लिनविषयी करार झाला आणि दोन्ही जर्मन सरकारे आपसांत बोलू लागली, तेव्हा ऑक्टोबर १९७२ मध्ये भारताने ती मान्यता दिली. पुढच्या वर्षी दोन्ही जर्मन राष्ट्रे एकाच दिवशी संयुक्त राष्ट्रांची सभासद झाली. भिंत त्यानंतरही सोळा वर्षे उभी होती.