‘पुराणमतवादी नाराज’ : अमेरिकी उमेदवारीच्या बातमीतले शब्द

एका वाचकाची विचारणा अशी आहे : ‘रिपब्लिकन पक्षाने अध्यक्षपदासाठी दिलेल्या उमेदवारावर पुराणमतवादी नाराज’ या धाटणीची वाक्ये अमेरिकी निवडणुकीच्या मराठी बातम्यांत दिसतात. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला ‘पुराणमतवादी’ म्हणणे बरोबर आहे का? आणि याच संदर्भात येणाऱ्या ‘राइनो’ला मराठीत काय म्हणावे?

‘पुराणमतवादी’ इथे बहुतेक वेळा चुकीचा अर्थ पोहोचवतो. ‘राइनो’ला, म्हणजे पक्षाच्या विचारांशी खरा नसल्याचा आरोप होणाऱ्या रिपब्लिकनाला, ‘नावापुरता रिपब्लिकन’ चांगला बसतो. पण दिलेल्या वाक्यात याहून मोठी चूक ‘दिलेल्या’ या साध्या शब्दात दडली आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. म्हणून सगळे वाक्यच उलगडून पाहू.

मराठीत ‘पुराणमतवादी’ हा शब्द ‘सुधारक’ या शब्दाच्या विरोधात घडला. विधवाविवाह, संमतिवयाचा १८९१ चा कायदा, सोवळेओवळे, स्त्रीशिक्षण या वादांत बदलाला विरोध करणारा तो पुराणमतवादी. त्यामुळे हा शब्द वाचताच मराठी माणसाच्या मनात धर्म आणि रूढी येतात. अमेरिकी कॉन्झर्व्हेटिव्हांत धार्मिक गट मोठा आहे यात शंका नाही, पण तो अनेकांपैकी एक आहे. कमी कर आणि मर्यादित सरकार मागणारे वेगळे, कम्युनिझमविरुद्ध कठोर परराष्ट्र धोरण मागणारे वेगळे, आणि चर्चशी बांधलेले वेगळे. उमेदवारावरची नाराजी दर वेळी यातल्या एखाद्याच धाग्यातून जास्त उसळते, आणि नेमका कोणता धागा ताणला गेला ते बातमीने सांगायला हवे.

१९७२ चे उदाहरण घ्या. निक्सन स्वतः अध्यक्ष असताना ओहायोचे प्रतिनिधीगृहातील सदस्य जॉन अ‍ॅशब्रुक त्यांच्याविरुद्ध प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्याराज्यांतल्या मतदानात, उतरले. तक्रारी दोन मुख्य : कम्युनिस्ट चीनशी जुळवून घेणे आणि ऑगस्ट १९७१ मध्ये जाहीर केलेली वेतन व किमतींवरील ९० दिवसांची गोठवणूक. बाजारावर सरकारने हात ठेवला म्हणून चिडलेल्या माणसाला ‘पुराणमतवादी’ म्हटले तर वाचकाला काहीच कळत नाही. १९७६ मध्ये रेगन यांनी तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड यांना आव्हान दिले तेव्हा मुद्दे होते सोव्हिएत संघाशी चाललेला तणावशैथिल्याचा प्रयत्न आणि पनामा कालव्यावरचा ताबा. १९९२ मध्ये पॅट ब्युकॅनन तेव्हाचे अध्यक्ष थोरल्या बुश यांच्याविरुद्ध उभे राहिले. त्यामागचे मोठे कारण, १९८८ च्या अधिवेशनात ‘नवे कर नाहीत’ असे ठणकावून सांगणाऱ्या बुश यांनी १९९० मध्ये करवाढ मान्य केली, हे होते.

सर्वांत बोलके उदाहरण २००८ चे. त्या वर्षीचे रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन गर्भपाताचे विरोधक होते, म्हणजे मराठी वाचक ज्याला पुराणमत म्हणेल त्या बाबतीत त्यांची नोंद बरीचशी पक्की होती. तरीही कॉन्झर्व्हेटिव्ह वर्तुळ त्यांच्यावर रुष्ट होते. त्यांनी २००१ आणि २००३ च्या करकपातीविरुद्ध मत दिले होते, निवडणूक निधीवर बंधने घालणाऱ्या २००२ च्या कायद्याला त्यांचे नाव जोडलेले होते, आणि २००७ मध्ये डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी यांच्याबरोबर त्यांनी स्थलांतरितांविषयीचे विधेयक पुढे रेटले होते. ‘पुराणमतवादी मॅकेनवर नाराज’ असे लिहिले की वाचक समजतो, मॅकेन बहुधा सामाजिक प्रश्नांत सुधारक असावेत. शब्दाने केलेली ही दिशाभूल आहे.

मग काय लिहावे? पहिल्या उल्लेखात सरळ ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ लिहावे, तो शब्द आता मराठीत अनोळखी नाही. पुढे तक्रारीप्रमाणे ‘करकपातीचे समर्थक’, ‘मर्यादित सरकारचा आग्रह धरणारे’, ‘धार्मिक उजवे’ असे नेमके बोलावे. एकच शब्द हवा असेल तर ‘पक्षातला उजवा गट’ चालतो. पक्षांतर्गत भांडणात प्रश्न दिशेचा असतो, आणि हे लोक स्वतःही दिशेचीच भाषा बोलतात : अ‍ॅशब्रुक यांची घोषणा ‘डावे वळण नको’ अशा अर्थाची होती. ‘परंपरावादी’ थोडा सौम्य आहे, पण त्याचा दोष तोच. ‘सनातनी’ आणि ‘कर्मठ’ इथे अजिबात नकोत. ‘प्रतिगामी’ हे वर्णन नाही, तो शेरा आहे. जुन्या मराठी वृत्तपत्रांत ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ‘हुजूर पक्ष’ आणि लेबरला ‘मजूर पक्ष’ म्हणत. ती जोडी सुंदर आहे, पण ती त्या देशातल्या पक्षांची नावे आहेत, ती अमेरिकेतल्या एका विचारगटाला लावता येत नाहीत.

‘जहाल’ आणि ‘मवाळ’ यांचा मोह मराठीत होणारच. सुरतेच्या १९०७ च्या काँग्रेसमध्ये फूट पडली तेव्हा वादाचे एक कारण अध्यक्षाची निवड हेच होते : जहालांना लाला लजपतराय हवे होते, मवाळांनी रासबिहारी घोष यांना निवडले. तरीही हे शब्द इथे जपून वापरावेत. जहाल-मवाळ हा फरक मुख्यतः मार्गाचा आणि तीव्रतेचा होता, अमेरिकेतला वाद धोरणाच्या आशयाचा आहे. मात्र मवाळांसाठीच रूढ असलेला ‘नेमस्त’ हा शब्द न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्यासारख्या मध्यममार्गी रिपब्लिकनांना छान शोभतो आणि तो पुन्हा वापरात यावा असे मला मनापासून वाटते.

आता ‘दिलेल्या’. आपल्याकडे पक्ष तिकीट देतो, कापतो, ऐनवेळी बदलतो. मुंबईत किंवा दिल्लीत यादी ठरते. त्यामुळे ‘पक्षाने उमेदवार दिला’ हे क्रियापद आपोआप हाताशी येते. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधींच्या बहुमताने ठरतो, आणि आज यातले बहुतेक प्रतिनिधी राज्याराज्यांतल्या प्राथमिक निवडणुकांच्या व कॉकसच्या (पक्षाच्या स्थानिक सभांच्या) निकालांनी बांधलेले असतात. २०१६ मध्ये रिपब्लिकनांचे एकूण प्रतिनिधी २,४७२ होते, बहुमताला १,२३७ लागत होते. पक्षाच्या राष्ट्रीय समितीत १६८ सदस्य असतात. ती नियम आखते, वेळापत्रक सांभाळते, पण उमेदवार ‘देत’ नाही.

म्हणून ‘पक्षश्रेष्ठींनी लादलेला उमेदवार’ हा शब्दप्रयोग कोणत्या वर्षाबद्दल बोलतो आहोत यावर खरा किंवा खोटा ठरतो. १९५२ साली तो बराचसा लागू होता. तेव्हा बहुसंख्य प्रतिनिधी राज्यातल्या पक्षनेत्यांच्या प्रभावाखाली निवडले जात. उजव्या गटाचे लाडके सिनेटर रॉबर्ट टाफ्ट मागे पडले आणि आयझेनहॉवर पुढे गेले, त्यात टेक्सास, जॉर्जिया आणि लुइझियानाच्या वादग्रस्त प्रतिनिधींबाबतचा निर्णय महत्त्वाचा ठरला. शिकागोच्या अधिवेशनाच्या व्यासपीठावरून टाफ्टसमर्थक एव्हरेट डर्कसन यांनी आयझेनहॉवर यांच्या बाजूचे थॉमस ड्युई यांच्याकडे बोट दाखवून, तुमच्या मागे आलो आणि पराभवाच्या वाटेला लागलो, असे सुनावले. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत १९४४ आणि १९४८ असे दोनदा ड्युई हरले होते. १९६० मध्ये निक्सन यांनी न्यूयॉर्कला जाऊन रॉकफेलर यांच्याशी जाहीरनाम्याबाबत समझोता केला, तेव्हा उजव्या गटाचे सिनेटर गोल्डवॉटर यांनी त्याची तुलना हिटलरपुढे नमते घेणाऱ्या म्युनिक कराराशी केली. इथे ‘श्रेष्ठी’, ‘परस्पर ठरवले’, ‘लादले’ हे सारे शब्द शोभतात.

१९७२ पासून प्राथमिक निवडणुका दोन्ही पक्षांत झपाट्याने पसरल्या आणि क्रियापद बदलले. आता नाराजी असते ती मतविभागणीवर आणि नियमांवर. २००८ मध्ये साउथ कॅरोलायनात मॅकेन यांना सुमारे ३३ टक्के, हकाबी यांना ३० आणि थॉम्पसन यांना १६ टक्के मते पडली. हकाबी आणि थॉम्पसन एकाच कॉन्झर्व्हेटिव्ह मतदाराकडे मते मागत होते. पाठोपाठ फ्लोरिडात ३६ टक्के मतांवर मॅकेन यांनी तिथले सर्व ५७ प्रतिनिधी घेतले, कारण तिथे ‘पहिल्या आलेल्याला सगळे’ असा नियम होता. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांनी सुमारे ३२.५ टक्के मतांवर सर्वच्या सर्व ५० प्रतिनिधी मिळवले. अशा वेळी ‘मते फुटल्याने पुढे आलेला उमेदवार’ किंवा ‘प्राथमिक फेरीतून निवडून आलेला उमेदवार’ असे म्हणावे. काही राज्यांत पक्षाचे नोंदणीकृत नसलेले मतदारही या फेरीत मत देऊ शकतात, त्यावर उजव्या गटाचा जुना राग आहे. त्याला ‘खुली प्राथमिक निवडणूक’ आणि उलट प्रकाराला ‘बंदिस्त’ म्हणता येईल.

या भागात तीन शब्द वरचेवर गोंधळ घालतात. ‘प्रतिनिधी’ : अधिवेशनातला वेगळा, प्रतिनिधीगृहातला वेगळा, आणि नोव्हेंबरनंतर राष्ट्राध्यक्ष निवडणारा ‘निर्वाचक’ तिसराच. पहिल्याला ‘अधिवेशन-प्रतिनिधी’ लिहिले की प्रश्न मिटतो. ‘तिकीट’ : अमेरिकेत याचा अर्थ राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष या पदांच्या उमेदवारांची जोडी. २००८ मध्ये उजव्या गटाचा उत्साह परत आला तो सेरा पेलिन यांना मॅकेन यांनी जोडीला घेतल्यावर. ‘पेलिन यांना तिकीट मिळाले’ असे लिहिले तर मराठी वाचकाला वेगळेच कळेल. आणि ‘अध्यक्षपद’ : ‘रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाचा उमेदवार’ म्हणजे पक्षाध्यक्ष होऊ पाहणारा की देशाचा? ‘राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार’ असा क्रम ठेवावा.

‘नाराज’ हा शब्द चुकीचा नाही, पण सगळ्याच वर्षांना तोच लावला की फरक पुसला जातो. १९७६ मध्ये फोर्ड १,१८७ आणि रेगन १,०७० अशी अधिवेशनात अटीतटीची लढत झाली. ती नाराजी नव्हे, ते थेट आव्हान. फेब्रुवारी २००८ मध्ये वॉशिंग्टनमधल्या कॉन्झर्व्हेटिव्हांच्या वार्षिक मेळाव्यात मॅकेन स्थलांतरितांच्या प्रश्नावर बोलू लागताच काही श्रोत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. त्याला ‘धुसफूस’ म्हणू नये, धुसफूस आतल्या आत असते. २०१२ मध्ये उमेदवार रॉम्नी यांच्याबाबत होती ती उदासीनता आणि अविश्वास, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना त्यांनी केलेल्या २००६ च्या आरोग्यविमा कायद्यामुळे. २०१६ मध्ये ट्रम्प यांचे पराभूत प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांनी क्लीव्हलंडच्या अधिवेशनात ट्रम्प यांना पाठिंबा न देता ‘विवेकाला स्मरून मत द्या’ असे सांगितले. तो उघड नकार होता.

मनाविरुद्ध पण मत तर दिले, या स्थितीसाठी हल्ली ‘नाक दाबून मत दिले’ असे लिहिलेले दिसते. ते इंग्रजीचे सरळ भाषांतर आहे. मराठीत ‘दगडापेक्षा वीट मऊ’ ही म्हण यासाठीच आहे. ‘बंडखोर’ही विचार करूनच वापरावा. आपला बंडखोर तिकीट कापले की अपक्ष अर्ज भरतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याच्या मतपत्रिकेवर येण्यासाठी वेगळ्या सह्या आणि वेगळ्या मुदती असतात, आणि अधिवेशन होईपर्यंत त्यातल्या बऱ्याच टळलेल्या असतात. २०१६ मध्ये ट्रम्पविरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून इव्हन मॅकमुलिन ऑगस्टमध्ये उतरले आणि ११ राज्यांच्याच मतपत्रिकांवर त्यांचे नाव छापले गेले. युटात त्यांना सुमारे २१ टक्के मते मिळाली, तरी एकही निर्वाचक मत पदरी पडले नाही. म्हणून असंतुष्टांचे नेहमीचे मार्ग वेगळे असतात : जाहीरनाम्यातल्या कलमांवर भांडणे, उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपला मागणे, किंवा मतदानालाच न जाणे.

राहिला ‘राइनो’. ‘रिपब्लिकन इन नेम ओन्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांचा हा शब्द १९९२ च्या अखेरीस न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टरच्या वृत्तपत्रात छापलेला सापडतो. उच्चार गेंड्याच्या इंग्रजी नावासारखा असल्याने श्लेष होतो, पण मराठीत गेंडा आणू नये, आपल्याकडे गेंड्याची कातडी म्हणजे निगरगट्टपणा. ‘नामधारी रिपब्लिकन’ही नको. नामधारी म्हणजे पद आहे पण सत्ता नाही असा. ‘नावापुरता’ यात खरेपणाबद्दलची शंका बरोबर येते.

कल्पना त्या शब्दापेक्षा जुनी आहे. डेमोक्रॅट अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या न्यू डीलच्या योजना आम्हीही चालवू, फक्त नीट चालवू, असे म्हणणाऱ्या उमेदवारांना १९४० च्या दशकात ‘मी-टू रिपब्लिकन’ (‘मीसुद्धा’ म्हणणारे) म्हणत. मराठीत याला ‘री ओढणारे रिपब्लिकन’ याहून चांगले काही सुचत नाही. जानेवारी १९६४ मध्ये गोल्डवॉटर यांनी उमेदवारी जाहीर करताना आपण प्रतिध्वनी नव्हे, पर्याय देऊ असे सांगितले, ते याच लोकांना उद्देशून.

लिहिताना ‘राइनो’ अवतरणचिन्हांत ठेवावा आणि कोण कोणाला म्हणाले ते सांगावे, कारण त्याचे माप बदलत गेले आहे. पूर्वी तो नेमस्त धोरणे असणाऱ्यांना लागत असे. २०१६ नंतर तो प्रतिनिधीगृहाच्या रिपब्लिकन सदस्य लिझ चेनी यांनाही लावला गेला. कर, संरक्षण, गर्भपात या प्रश्नांवर त्यांची मते कॉन्झर्व्हेटिव्हच होती, त्यांचा वाद ट्रम्प यांच्याशी होता. तिथे ‘नावापुरत्या रिपब्लिकन चेनी’ असे बातमीदाराच्या तोंडी घालणे चूक, ‘ट्रम्पसमर्थकांनी ज्यांना “राइनो” ठरवले त्या चेनी’ हे बरोबर.